परदेशी शिष्यवृत्ती आणि सातारा-सांगलीचा मुलूख

शिष्यवृत्ती ह्या शब्दात दानाचा वास येतो आणि म्हणून तिच्याविषयी चिकित्सक बुद्धीने विचार करण्याचे लोक बहुधा टाळतात. दान घेणाऱ्याने दात्याचे गुण गावे आणि इतरांनी दोघांचे कौतुक करावे, असाच प्रघात पडला आहे. परंतु थोडे खोल पाहिले तर शिष्यवृत्ती हा एक करार असतो असे दिसून येते. पैसा कोणी द्यावयाचा, तो कोणास मिळावयाचा, विद्यार्थ्याने काय शिकावयाचे आणि शिकून आल्यावर त्याने कोणाचे देणे फेडावयाचे, ह्या चार कलमांवर तो करार उभा असतो. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीत तर ही कलमे विशेषच ठळक होतात. कारण तेथे रक्कम मोठी, अंतर मोठे आणि परत न येण्याचा मोहही मोठा. ह्या चार कलमांच्या कसोटीवर आम्ही प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांचा अनुभव तपासून पाहणार आहोत.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. इ. स. १९४९ मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा करण्यात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा कृष्णाकाठचा हा सारा प्रदेश इतिहासाने एकच आहे. त्यातही एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. १८४८ साली डलहौसीने साताऱ्याची गादी खालसा केली. तेव्हापासून खुद्द साताऱ्यास राजा उरला नाही. आणि ज्या काळी विद्येला आश्रय म्हणजे राजाश्रय असेच समीकरण होते, त्या काळी राजा नसलेल्या जिल्ह्यातील बुद्धिमान पण निर्धन मुलाने कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न येथे इतर ठिकाणांपेक्षा अधिक तीव्रतेने उभा राहिला.

आरंभी परदेशी शिष्यवृत्ती म्हणजे परीक्षेची शिष्यवृत्ती होती. गिलख्रिस्ट नावाच्या विश्वस्त निधीतून हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांस ब्रिटनमधील विद्यापीठांत पदवीचे शिक्षण घेण्यासाठी वेतन मिळत असे. १८८२ साली प्रफुल्लचंद्र राय हे त्याच वेतनावर एडिंबरोस गेले. ह्या परीक्षेस इंग्रजीखेरीज लॅटिनसारखी अभिजात भाषा आणि एखादी अर्वाचीन युरोपीय भाषा येणे अवश्य होते. ज्या काळी कोरेगाव-खटावच्या मुलास मराठी चौथीपुढची शाळा गाठण्यासही घर सोडावे लागे, त्या काळी अशा परीक्षेचे दार त्याच्यासाठी नावापुरतेच उघडे होते, हे सांगावयास नको. सरकारनेही १८६८ साली लॉर्ड लॉरेन्सच्या कारकिर्दीत विलायतेच्या शिष्यवृत्त्या काढल्या, लवकरच बंद केल्या आणि पुढे १८८० नंतरच्या दशकात पुन्हा सुरू केल्या. ह्याच सरकारी शिष्यवृत्तीवर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली केंब्रिजला गेले. मुंबई विद्यापीठाची पदवी हाती असता त्यांस तेथे पुन्हा पदवीपूर्व वर्गात बसावे लागले; आणि १८९९ साली ते सीनिअर रँग्लर होऊन परतले. त्याच दशकांतील दुसरे उदाहरण कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचे. डेक्कन कॉलेजातून पहिल्या येऊनही केवळ स्त्री म्हणून त्यांस ही शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. शेवटी इंग्लंडातील हितचिंतकांनी वर्गणी जमवून त्यांना १८८९ साली ऑक्सफर्डला नेले. परीक्षा निःपक्षपाती असते अशी जी समजूत आहे तिला ह्या एकाच प्रसंगाने पुरेसे उत्तर मिळते.

परांजप्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सरकारी शिष्यवृत्तीने त्यांच्यावर जे बंधन घातले नव्हते ते त्यांनी स्वतः घालून घेतले होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून अल्प वेतनावर अध्यापन करण्याचे वचन त्यांनी दिले होते, आणि रँग्लर झाल्यावर मोठमोठी पदे खुणावीत असता ते फर्ग्युसन कॉलेजात येऊन बसले. ह्याच संस्थेने १९१९ साली सांगली आणि मिरज ह्यांच्या दरम्यान विलिंग्डन कॉलेज स्थापिले, आणि दक्षिण महाराष्ट्रातील मुलांस पदवीसाठी पुण्याची वाट धरण्याची अपरिहार्यता कमी झाली. केंब्रिजच्या वेतनाचे फळ कृष्णाकाठी आले असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. तथापि आजीव सभासदत्वाच्या ज्या रीतीने परांजपे परत आले, त्याच रीतीने सांगलीस कॉलेज चालविणारी माणसे मिळाली, एवढे तरी निर्विवाद आहे.

आता राजाश्रयाकडे वळू. साताऱ्यास राजा नव्हता, पण बडोद्यास होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक जाऊन गादीवर बसलेले सयाजीराव गायकवाड ह्यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अशा राजाच्या दारी साताऱ्याचा एक मुलगा जाऊन पोचला. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचे बालपण साताऱ्यात गेले. त्यांच्या मातोश्रींचे निधन साताऱ्यासच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत, जी आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, त्यांचे नाव दाखल झाले. वर्गात इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या तरटावर बसावयाचे. तहान लागली तर नळाला हात लावावयाचा नाही. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीस असता त्यांस भेटण्यासाठी ही भावंडे मसूरच्या स्टेशनावर उतरली, तेव्हा त्यांची जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याचे कबूल करून त्यांस ती वाट काटावी लागली, आणि रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. ज्या मुलास आपल्याच जिल्ह्यात दहा-वीस मैलांचा प्रवास इतका दुर्घट होता, त्याच मुलाने पुढे बारा वर्षांनी अटलांटिक ओलांडला. मधल्या काळात काय घडले हाच आमच्या विवेचनाचा गाभा आहे.

लोक कोलंबिया विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची गोष्ट सांगतात. तिच्या आधीची गोष्ट फारशी सांगत नाहीत. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, आणि इंटरची परीक्षा झाल्यावर वडिलांची शक्ती संपली. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांच्या खटपटीने सयाजीरावांनी त्यांस दरमहा २५ रुपयांचे वेतन दिले. न्यूयॉर्कच्या खर्चापुढे ही रक्कम क्षुल्लक दिसेल, परंतु आमच्या मते सारे त्या पंचवीस रुपयांवरच उभे आहे. ते मिळाले नसते तर १९१२ साली बी. ए. ची पदवी नव्हती, आणि पदवी नव्हती तर कोलंबियाचा प्रश्नच उद्भवला नसता. गरीब घरातील विद्यार्थी गळतो तो बहुधा पदवीनंतर नव्हे, पदवीपूर्वीच्या त्या दोन-चार वर्षांत. कारण त्या वयात घरास त्याच्या कमाईची गरज लागते आणि त्याच्या बुद्धीची ग्वाही देणारी पदवी मात्र अद्याप हाती नसते.

४ जून १९१३ रोजी बडोदे येथे करारपत्रावर सही झाली. तीन वर्षे अमेरिकेत नेमलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे राज्याची नोकरी करावयाची, अशी अट होती. जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोचले. तेथे सेलिग्मन ह्यांच्याजवळ अर्थशास्त्र आणि ड्यूई ह्यांच्याजवळ तत्त्वज्ञान. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर ह्यांच्या परिषद-वर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. साताऱ्याच्या शाळेतील तरटाचा जो अनुभव त्यांच्या मनात ठसला होता, त्याला प्रथम शास्त्रीय भाषा मिळाली ती ह्या निबंधात. शिष्यवृत्तीची मुदत एका वर्षाने वाढवून घेऊन ते लंडनला गेले. परंतु १९१७ साली ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले.

करारातील अखेरचे कलम पाळण्यासाठी आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास रुजू झाले. पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून फेकीत. राहावयास घर मिळेना, म्हणून नाव लपवून पारशी वसतिगृहात उतरले, तेथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले, आणि थोड्याच काळात ते मुंबईस परत आले. दहा वर्षांचा करार अशा रीतीने मोडला. तो कोणी मोडला? कागदावर पाहिले तर विद्यार्थ्याने. वस्तुतः पाहिले तर ज्या समाजात त्याने परत यावे अशी अट घातली होती त्या समाजाने. राजाच्या खजिन्यात पैसा होता, राजाच्या मनात औदार्य होते, परंतु राजधानीत एक खोली मिळवून देण्याचे सामर्थ्य त्या राजाज्ञेत नव्हते. विद्यार्थ्यास परदेशी पाठविणे सोपे असते. परत आल्यावर त्याला बसावयास जागा करून देणे हे अधिक अवघड काम आहे, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही करारपत्रात सापडत नाही.

असे असूनही ऋण विसरले गेले नाही. पुढे सिडनॅहम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांच्या साह्याने आणि नवल भथेना ह्या मित्राकडून कर्ज काढून आंबेडकर १९२० साली पुन्हा लंडनला गेले, बॅरिस्टर व डी. एस्सी. झाले, आणि १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो त्यांनी सयाजीरावांस अर्पण केला. नोकरीच्या रूपाने जे फेडता आले नाही त्याची कृतज्ञतेने पोच दिली गेली. शामजी कृष्णवर्म्यांच्या शिष्यवृत्तीची अट ह्याच्या नेमकी उलट होती. तिचा लाभ घेणाऱ्याने पुढे इंग्रज सरकारची चाकरी करावयाची नाही असे बंधन असे. दोन्ही अटी दात्याच्या हेतूतून निघालेल्या आहेत. विद्यार्थ्याच्या बुद्धीस कोठे जावयाचे आहे, ह्याचा विचार दोन्हींत गौणच राहतो.

तिसरा मार्ग घरच्या पैशाचा. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना घातला, तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रशिक्षणसंस्थेत दाखल झाले व १९२६ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परतले. येथे करारपत्र नव्हते, कारण त्याची गरजच नव्हती. परत येण्यास कारखाना उभा होता आणि शिकलेल्या विद्येला दुसऱ्याच दिवशी काम होते. बडोद्याच्या कथेपुढे ही कथा ठेवली म्हणजे फरक कळतो. एकास परत येण्याची सक्ती होती पण जागा नव्हती. दुसऱ्यास सक्ती नव्हती पण जागा तयार होती. परंतु ज्याच्या घरी कारखाना नाही त्याला हा मार्ग काय कामाचा, असे कोणी विचारील तर त्याचे म्हणणे खोडून काढता येणार नाही.

ह्या आक्षेपाला साताऱ्यातूनच उत्तर निघाले. ऐतवडे बुद्रुकच्या पाटील घराण्यातील भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. ह्या संस्थेचा खजिना म्हणजे खेड्यातील घराघरांतून निघणारी धान्याची मूठ. मुलांचे अन्न तुटू लागले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने व अखेर मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट ह्या जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. ज्या साताऱ्यास राजा नव्हता त्या साताऱ्यात रयतच दाता झाली. १९४० साली संस्थेने मोफत हायस्कूल काढले त्यास महाराजा सयाजीराव ह्यांचे नाव दिले, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले तेथे विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे अशी योजना केली.

हा विषय परदेशी शिष्यवृत्तीपासून दूरचा आहे असे वाचकांस वाटू नये. एल्फिन्स्टनच्या पंचवीस रुपयांनी एका मुलासाठी जे केले, ते रयतेच्या वसतिगृहाने हजारो मुलांसाठी केले. पदवीपर्यंत पोचण्याची पायरी बांधून दिली. ती पायरी असली म्हणजे पुढचा मार्ग आपोआप दिसू लागतो. ह्याच संस्थेत वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन त्याच संस्थेच्या सेवेत रमले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि महात्मा फुल्यांचे लेखन त्यांनी इंग्रजीत नेले. मुठीच्या धान्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याकडून कोणी करारपत्र लिहून घेत नाही. तरीही तो परत येतो, कारण ज्यांनी दिले त्यांची तोंडे त्याच्या डोळ्यांपुढे असतात.

स्वातंत्र्याच्या आगेमागे दातृत्व सरकारकडे आले. डॉ. आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मंत्री झाले, आणि त्यांच्या प्रयत्नांच्या पार्श्वभूमीवर १९४४ च्या सुमारास अस्पृश्य वर्गातील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९५४-५५ साली परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती निघाली. पुढे महाराष्ट्र शासनानेही राजर्षी शाहू महाराजांच्या नावे तशी योजना काढली. बडोद्याच्या राजाने एका विद्यार्थ्यासाठी जे केले त्याचे हे नियमबद्ध रूप होय, आणि ते स्वागतार्हच आहे. तथापि नियमांबरोबर विषयांचे बंधनही आले. २०२२ साली राष्ट्रीय योजनेची जी नियमावली निघाली तीत हिंदी संस्कृती, वारसा, इतिहास आणि हिंदी समाज ह्यांवरील विषयांचा अभ्यास करण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांस वगळण्यात आले. अशा विषयांची साधने आपल्याच देशात आहेत हे त्यामागील समर्थन. ते अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु हाच नियम १९१३ साली असता तर कोलंबियातील तो जातिविषयक निबंध बसला नसता. साधने साताऱ्यात होती हे खरेच. साताऱ्याच्या मुलास त्यांकडे निर्भयपणे पाहण्याची जागा मात्र साताऱ्यात नव्हती. ह्या सर्व योजनांचा भर पदवीनंतरच्या शिक्षणावर आहे, हीही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पदवीपूर्व वर्गातील खेड्याच्या मुलास एक सहामाही तरी परक्या विद्यापीठात काढता यावी, ही सोय बहुतांशी पैसेवाल्या घरांपुरतीच राहिली आहे.

आता विनिमयाविषयी दोन शब्द. विनिमय म्हणजे देवघेव. केवळ आपला विद्यार्थी तिकडे जाणे म्हणजे विनिमय नव्हे. २ फेब्रुवारी १९५० रोजी भारत व अमेरिका ह्यांच्यात फुलब्राइट योजनेचा करार झाला, त्यात ही दुहेरी वाट प्रथमच नियमाने बांधली गेली. त्या वाटेने ह्या मुलखाला काय लाभले हे पाहण्यासारखे आहे. मिनियापोलिसच्या गेल ऑम्वेट पदवी घेताच १९६३-६४ साली ह्याच योजनेखाली प्रथम भारतात आल्या. पुढे बर्कलेच्या विद्यापीठासाठी त्यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीचा इतिहास लिहिला, त्यात सातारा जिल्ह्याच्या सत्यशोधकांना अभ्यासकांच्या जगात स्थान मिळाले. भारत पाटणकर ह्यांच्याशी विवाह करून त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावी राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि २०२१ साली तेथेच त्यांचे निधन झाले. दुसऱ्या मॅक्सीन बर्नसन. फलटणच्या मराठी बोलीचा अभ्यास करण्यासाठी आलेल्या ह्या अमेरिकन विदुषी फलटणासच स्थायिक झाल्या आणि मुलांना मराठीतून लिहावयास-वाचावयास कसे शिकवावे ह्यासाठी त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. साताऱ्याचा मुलगा जात म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी अमेरिकेत गेला, आणि अर्ध्या शतकाने अमेरिकेच्या मुली तोच प्रश्न व तीच भाषा शिकण्यासाठी साताऱ्या-सांगलीस आल्या. ह्यापेक्षा चांगल्या विनिमयाचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

ह्या सर्व इतिहासावरून आम्हांस जे वाटते ते थोडक्यात सांगून लेख संपवितो. शिष्यवृत्तीचा पैसा पदवीनंतरच्या शिखरावर जितका खर्च होतो त्याहून अधिक पदवीपूर्वीच्या चढणीवर झाला पाहिजे. तेथेच माणसे थकून बसतात. विद्यार्थ्याने कोणता विषय घ्यावा हे दात्याने ठरवू नये, कारण जो प्रश्न विद्यार्थ्याला लहानपणी बोचला त्याचाच अभ्यास तो प्राण ओतून करील. परत येण्याचे बंधन कागदावर घालण्यापूर्वी त्याला परत येऊन बसावयास येथे जागा आहे काय हे पाहावे. बडोद्याचा धडा हाच आहे. आणि दाता एकच मोठा असण्यापेक्षा लहान लहान अनेक असावे, म्हणजे घेणाऱ्याची मान ताठ राहते. साताऱ्यातील मुठीच्या धान्याने हे एकदा सिद्ध करून दाखविले आहे. आज ह्या दोन जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, पतपेढ्या आहेत, महाविद्यालये आहेत आणि परदेशी स्थायिक झालेले त्यांचे माजी विद्यार्थीही आहेत. त्या सर्वांनी मिळून दरसाल तालुक्यास एक तरी पदवीपूर्व विद्यार्थी परदेशी पाठविण्याचे मनावर घेतले, आणि त्याच्या बदल्यात तिकडचा एक विद्यार्थी आपल्या गावी ठेवून घेतला, तर त्यास फार मोठा खजिना लागेल असे आम्हांस वाटत नाही. लक्ष्मीबाईंच्या काळी तो ह्याहून पुष्कळ लहान होता.